सिंगापूर ते न्यूयॉर्क जाताना साडेसहा तास आणि येताना एकतीस?? नक्की किती लांब आहे हे

खिडकीची_सीट

मंडळी, जरा हिशोबात अडकलेय, सोडवा. आई सध्या भावाकडे सिंगापूरला आहे आणि जूनमधे तिथून माझ्याकडे न्यूयॉर्कला येणार आहे. वय ६८, तब्येत ठणठणीत, पण इतका लांबचा प्रवास एकटीने पहिल्यांदाच करतेय म्हणून मी जरा जास्तच खोदून चौकशी करतेय.

तर नॉनस्टॉप विमान बघितलं. वेळा साधारण अशा दिसल्या की सिंगापूरहून रात्री पावणेबाराला निघायचं आणि न्यूयॉर्कला दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला उतरायचं. म्हणजे साडेसहा तास?? परतीचं बघितलं तर रात्री साडेदहाला निघून तिसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला पोचतं, हे झाले जवळजवळ एकतीस तास. टाइम झोनचा घोळ आहे एवढं कळतंय हो, पण आईला खुर्चीत नक्की किती तास बसायचंय ते काही माझ्या डोक्यात बसेना.

दुसरं म्हणजे अंतर. एका साइटवर १५,३४९ किमी लिहिलंय. मग विमानांचा लाइव्ह मार्ग दाखवणारं अ‍ॅप असतं त्यात याच फ्लाइटचा एक जुना ट्रॅक बघितला, तर ते विमान जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून गेलेलं आणि अंतर सोळा हजारांच्या वर. शहरं तर जागची हलली नाहीत ना! भाऊ म्हणतो हे सगळं चूक आहे, विमान युरोपवरूनच जाणार कारण नकाशात सरळ रेघ तिकडूनच जाते. घरच्या ग्रुपवर कालपासून यावरून नुसती जुंपलीय, आई मात्र मजेत सगळं वाचतेय.

आणि तिसरं, तिच्यासाठी नॉनस्टॉप बरं की मधे थांबणारं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा प्लीज.

घड्याळवाला

ताई, पहिल्याचं उत्तर अगदी सोप्पं आहे. जूनमधे सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यात बरोब्बर १२ तासांचा फरक असतो, सिंगापूर पुढे. जाताना जे साडेसहा दिसतायत त्यात १२ मिळवा, साडेअठरा. येताना पावणेएकतीस दिसतायत त्यातून १२ वजा करा, पावणेएकोणीस. झालं.

आणि फरक किती ते आठवत नसेल तरी चालतं, एक युक्ती आहे. जातानाचे आणि येतानाचे दिसणारे तास एकत्र करा आणि अर्धे करा. ६.५ अधिक ३०.७५ म्हणजे ३७.२५, निम्मे केले की १८ तास ३७ मिनिटं. टाइम झोन एकदा अधिक होतो एकदा वजा होतो, बेरजेत आपोआप कटतो. कुठल्याही दोन शहरांना लागू, फक्त दोन्ही बाजूंची फ्लाइट सारखी हवी, एकीकडे थांबा आणि दुसरीकडे नॉनस्टॉप असं नको.

हिवाळ्यात मात्र फरक १३ तासांचा होतो कारण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे येतात, सिंगापूरला ही भानगडच नाही. म्हणून जूनची वेळ बघून डिसेंबरचं गणित करू नका.

आईंना सांगा हातात काट्यांचं घड्याळ असेल तर जूनमधे ते हलवायचीही गरज नाही, रात्रीचे दहा तिथे सकाळचे दहा, काटे जागच्या जागी.

उगाच_एक

कॅलेंडरवर बघितलं तर जाताना फक्त एक रात्र आणि येताना एक अख्खा दिवस गायब. त्या गायब दिवशी कुणाचा वाढदिवस असला तर केक विमानातच.

नकाशावेडा

माझ्या आवडीचा विषय निघालाय त्यामुळे लांबण लागणार आहे, माफी आधीच मागतो.

ताई तुमच्या भावाला म्हणावं तो नकाशा आधी गुंडाळून ठेव. भिंतीवर असतो तो मर्केटर पद्धतीचा नकाशा, त्यात पट्टी ठेवून सिंगापूर ते न्यूयॉर्क रेघ मारली तर गंमत अशी की ती युरोपवरून जातच नाही. भारताच्या दक्षिण टोकाखालून, मग येमेनचा किनारा, मग सरळ सहारा वाळवंट आणि तिथून अटलांटिक. त्या रेघेची खरी लांबी मी काढली तर साधारण साडेअठरा हजार किमी येते, म्हणजे कमीत कमी अंतरापेक्षा तीन हजारांनी जास्त. नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोल पृथ्वीवर सरळ नसते, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आता खरं जवळचं अंतर कसं काढायचं. साधारण दोन शहरांसाठी त्रिकोणमितीचं सूत्र लागतं, पण ही जोडी अशी भन्नाट आहे की पाचवीतला पोरगा कागदावर काढेल. सिंगापूर आहे १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. १८० असती तर दोन्ही शहरं पृथ्वीच्या बरोबर समोरासमोरच्या रेखांशांवर आली असती, इथे दोनच अंश कमी. याचा अर्थ सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे सिंगापूरहून नाक उत्तरेकडे करायचं, उत्तर ध्रुवाजवळ पोचायचं आणि पलीकडे सरळ दक्षिणेला उतरायचं.

मग फक्त ध्रुवापर्यंतचे अंश मोजा. सिंगापूरचा अक्षांश १.४ उत्तर, तिथून ध्रुव ८८.६ अंश. न्यूयॉर्क ४०.६ उत्तर, तिथून ध्रुव ४९.४ अंश. दोन्ही मिळून १३८. एका अंशाला साधारण १११ किमी धरा, आले १५,३१८. तुमच्या साइटवर १५,३४९ आहे ना, म्हणजे तीसेक किमीचाच फरक, तोही मी १११ हा गोळाबेरीज आकडा घेतला म्हणून.

या रस्त्यावर खाली काय काय लागतं तेही बघण्यासारखं आहे. १०४ अंशाच्या रेषेवर जवळजवळ ओळीने चीनमधलं चेंगदू, मग लांजौ, मग मंगोलिया ओलांडला की सैबेरियातलं इर्कुत्स्क, मग निर्मनुष्य सैबेरिया, आर्क्टिक महासागर. ध्रुवाच्या पलीकडे उतरलं की कॅनडाची एल्झमीर आणि बॅफिन बेटं, क्वेबेक, मॉन्ट्रियल आणि मग न्यूयॉर्क. सिंगापूर ते न्यूयॉर्क या वाटेत मॉन्ट्रियल शेवटचं मोठं शहर लागतं हे नकाशा बघून कुणाला पटेल का सांगा. भावाला हातात पृथ्वीचा गोल आणि एक दोरा द्या, दोन मिनिटांत भांडण मिटेल.

उगाच_एक

पण मग अ‍ॅपवर ते विमान जपानवरून गेलं ना? ध्रुवावरून जवळ असेल तर हजारभर किमी जास्तीचा वळसा कोण घालेल, पेट्रोल काय फुकट येतं? आणि ध्रुवावरून प्रवासी विमानं जात नाहीत असंही मी कुठेतरी वाचलंय.

नकाशावेडा

जातात हो, वर्षानुवर्षं जातायत. १९९८ च्या जुलैमधे हाँगकाँगचा नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा कॅथे पॅसिफिकचं विमान न्यूयॉर्कहून नॉनस्टॉप ध्रुवाच्या बाजूने येऊन तिथे उतरलं होतं. वळशाचं उत्तर मात्र विंगटिप देतील, ते त्याच धंद्यात आहेत.

विंगटिप

बोलावलंत म्हणून आलो :)

वळसा का, तर वारा. विमान जमिनीच्या हिशोबात उडत नाही, हवेच्या हिशोबात उडतं. ए३५० सारखं विमान भोवतालच्या हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास जातं. आता ती हवाच जर त्याच दिशेने ताशी १५० ने वाहत असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला विमान १०५० ने जाताना दिसेल, आणि समोरून वाहत असेल तर ७५० ने. एअरपोर्टवर तो सरकता पट्टा असतो त्यावरून चालल्यासारखं, पाय तेवढेच चालतात पण गेट लवकर येतं.

नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपान आणि उत्तर पॅसिफिकवर हिवाळ्यात तो पट्टा फार जोरात असतो. त्यामुळे सिंगापूरहून निघून जपानच्या बाजूने तो पट्टा पकडायचा आणि त्याच्यासोबत अमेरिका गाठायची, यात किमी वाढतात पण तास कमी होतात आणि इंधनही वाचतं. डिस्पॅचवाले (कंपनीत उड्डाणाचा मार्ग आखणारे) किमी बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल, ते वेळ आणि इंधन बघतात. सुटायच्या काही तास आधी वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन त्या दिवसाचा मार्ग ठरतो, त्यामुळे कालचा ट्रॅक आणि आजचा ट्रॅक एक असेलच असं नाही.

येताना अजून मजा. पॅसिफिकवरूनच उलटं यायचं म्हटलं तर तोच वारा तोंडावर येणार. म्हणून न्यूयॉर्कहून निघालेलं विमान पुष्कळदा अटलांटिक ओलांडून युरोप, मग आशिया असं पूर्वेकडेच जात राहतं. म्हणजे गेलं तेही पूर्वेकडे आणि आलं तेही पूर्वेकडे, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे, फक्त त्याने परतीची फ्लाइट सांगितली.

जूनमधे हे वारे थोडे मंदावतात आणि उत्तरेला सरकतात, त्यामुळे हिवाळ्याइतका फरक दिसणार नाही.

अजून एक कारण आहे ते म्हणजे कुणाच्या आकाशातून जायला मिळतं. २०२२ पासून रशियावरून उडणं बऱ्याच देशांच्या कंपन्यांसाठी बंद आहे, आणि नकाशावेडा यांनी सांगितलेली सरळ वाट तर अख्ख्या सैबेरियावरून जाते. यात सगळ्यात जास्त झळ फिनलंडला लागली. हेलसिंकी ते टोकियो आधी साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचं, आता तेरा तासांच्या घरात गेलं. दोन शहरांमधलं अंतर तेच, फक्त खालचा देश नाही म्हणाला.

उगाच_एक

हवेचं पटलं. पण मग जोरदार वाऱ्यात विमान आवाजापेक्षा फास्ट जाईल की, तसं बातम्यांत आलेलं.

विंगटिप

फेब्रुवारी २०२० ची बातमी म्हणताय तुम्ही. कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबात वेग ताशी १३०० किमीच्या वर गेला होता. पण हवेच्या हिशोबात ते रोजच्याच वेगाने उडत होतं, आवाजाची भिंत वगैरे काही फुटली नाही. आतल्या लोकांना बहुतेक थोडे जास्त हादरे बसले असतील आणि पोचल्यावर गेट रिकामं व्हायची वाट बघावी लागली असेल.

खिडकीची_सीट

बापरे केवढी माहिती! नकाशावेडा, तुमचं ते ध्रुवाचं गणित ग्रुपवर टाकलं, भाऊ एकदम गप्प, वडिलांनी कागद घेऊन स्वतः करून बघितलं आणि मग लंडन ते टोकियो पण तसंच काढायला बसले :) विंगटिप, पंधरा हजार भागिले नऊशे केलं तर सतरा तास येतात, मग साडेअठरा का? आणि हे विमान एवढं इंधन घेऊन उडतं तरी कसं, मला तर ऐकूनच धडकी भरली.

विंगटिप

ताई, तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. दार बंद होऊन विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे गेटला लागलं की बंद. त्यात रनवेपर्यंत रांगेत सरकणं आलं, वर चढायला अर्धा तास कमी वेग आला, उतरताना परत तेच, वर थोडी राखीव मिनिटं. म्हणून सतराचे साडेअठरा. हवेत प्रत्यक्ष किती ते रोज बदलतं. २०१८ च्या ऑक्टोबरात सिंगापूर एअरलाइन्सने ही नॉनस्टॉप परत सुरू केली तेव्हा पहिलीच फ्लाइट अठरा तासांच्या आत पोचली होती, ठरलेल्यापेक्षा आधी. तेव्हा ती न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क विमानतळाला जायची, २०२० च्या नोव्हेंबरपासून न्यूयॉर्कच्याच जेएफके विमानतळालाही जाते.

इंधनाचं म्हणाल तर त्यासाठी विमानच वेगळं आहे. ए३५०-९००यूएलआर, यूएलआर म्हणजे अतिलांब पल्ल्याचं. टाकीत १,६५,००० लिटर मावतं, वजन साधारण १३० टन. आणि विमानाला उडताना परवानगी असते एकूण २८० टनांची. म्हणजे टाकी पूर्ण भरली तर जवळजवळ निम्मं वजन नुसतं इंधनाचं! यातलं बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून न्यायलाच खर्च होतं, ही लांब पल्ल्याची खरी डोकेदुखी आहे. पहिल्या तासाला विमान सगळ्यात जड, म्हणून सगळ्यात खादाड, आणि जसजसं हलकं होत जातं तसतसं वर वर चढत जातं. आईंना सांगा मधेच कधीतरी इंजिनचा आवाज जरा वाढला आणि नाक किंचित वर गेल्यासारखं वाटलं तर घाबरायचं काही नाही, विमान एक पायरी वर चढतंय.

वजन वाचवायला माणसंही कमी घेतात. या विमानात १६१ च सीट आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. पुढचा सामानाचा कप्पाही वापरत नाहीत.

याच्या आधी २००४ ते २०१३ हीच कंपनी नेवार्कची नॉनस्टॉप चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने चालवायची. चार इंजिनं इंधन पिऊन पिऊन परवडेनात, बंद केली, आणि दोन इंजिनांचं काटकसरी विमान आल्यावर परत चालू केली.

आणि धडकी नको, कॉकपिटमधे चार पायलट असतात, आळीपाळीने झोपतात. झोपायला वेगळी जागा असते, प्रवाशांना ती दिसतही नाही.

जुनं_ते_सोनं

साडेअठरा तासांना लोक लांब म्हणतात म्हणून राहवलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४५, क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची कॅटालिना जातीची सीप्लेन्स (पाण्यावर उतरणारी विमानं) पर्थहून निघून सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, कोग्गलाच्या तळ्यात उतरायची. अंतर आजच्या निम्म्याहून कमी, पण वेळ २७ ते ३३ तास, एका दमात, खाली जपानी विमानांची भीती म्हणून रेडिओ गप्प, दिशा ताऱ्यांवरून काढायची. प्रवाशांना प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा म्हणून नावच पडलं डबल सनराइज. प्रवासी न्यायचे तरी किती, तर तीन!

त्यावरूनच क्वांटासने आताच्या सिडनी ते लंडन नॉनस्टॉपच्या योजनेला प्रोजेक्ट सनराइज नाव दिलंय. १७,००० किमी, बावीस तासांपर्यंत. २०१९ च्या नोव्हेंबरात चाचणी म्हणून लंडन ते सिडनी थेट उडवलं होतं तेव्हा १९ तास १९ मिनिटं लागली, पण त्यात मोजकीच माणसं होती. त्या मानाने १९४७ साली याच दोन शहरांमधे चार दिवस लागायचे, वाटेत सहा थांबे.

पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण २०,००० किमीच्या वर जाऊच शकत नाही, त्यापुढे गेलं की तुम्ही पलीकडून जवळ यायला लागता. तेव्हा सिंगापूर न्यूयॉर्क म्हणजे शक्य असलेल्यातलं तीन चतुर्थांश झालंच.

आडवाटेची

सगळे किलोमीटर मोजून दमले असतील तर मी आईंबद्दल बोलते :) सासूबाईंना घेऊन लांबचे प्रवास केलेत, त्यावरून सांगतेय.

नॉनस्टॉप नको असेल तर सिंगापूर एअरलाइन्सचीच फ्रँकफर्टमार्गे एक फ्लाइट आहे. नंबर एकच असतो म्हणून वाटतं थेट आहे, पण विमान मधे फ्रँकफर्टला थांबतं. सिंगापूर फ्रँकफर्ट साधारण १०,३०० किमी आणि पुढे ६,२०० किमी, एकूण प्रवास चोवीस तासांच्या आसपास. फायदा हा की त्यात साधी इकॉनॉमी मिळते आणि मधे पाय मोकळे होतात. तोटा हा की एकट्या बाईमाणसाला अर्धवट झोपेत उठून परत सिक्युरिटी, परत गेट शोधा, हे सगळं येतं. शिवाय ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही हे पासपोर्टवर आणि हातातल्या बाकीच्या व्हिसांवर अवलंबून असतं, ते तिकीट काढायच्या आधी बघा.

माझं मत विचाराल तर एकटी येतेय, चालती फिरती आहे, तर नॉनस्टॉपच. एकदा बसली की थेट तुमच्याकडे, चुकायला मधे जागाच नाही. जास्तीचे पैसे प्रीमियम इकॉनॉमीत पाय लांब करायला मिळतात त्यात वसूल. सीट निवडताना एक करा, त्या विमानात प्रीमियम इकॉनॉमीच्या अगदी शेवटच्या तीन रांगांमधे खिडकीच्या बाजूला एकेकटीच सीट असते कारण विमान तिथे निमुळतं होतं. खिडकीही मिळते आणि उठताना कुणाला ओलांडावंही लागत नाही. त्या सीट लवकर जातात, वेगळे पैसेही मागतात, पण आईंसाठी तीच घ्या.

झोपेचं सांगून ठेवा. रात्री निघाल्यावर पूर्वेकडे गेलं तर मधे एक तोकडा दिवस येतो आणि मग परत रात्र, उतरताना परत सकाळ. घरी असल्यासारखं एकदाच झोपून उठायचं ठरवलं तर पंचाईत होते. दोन तुकड्यांत झोपायचं, जेवण झाल्यावर एकदा आणि मग उतरायच्या आधी. जागं असताना दर दीड दोन तासांनी उठून मागे गॅलीपर्यंत (विमानातलं छोटं स्वयंपाकघर) चालून यायचं, पायाच्या पोटऱ्या दुखतात त्या बसून राहिल्यामुळे, आणि रक्ताची गुठळी व्हायचा धोका चार तासांच्या वरच्या कुठल्याही बैठ्या प्रवासात वाढतो. पायाला सूज येत असेल किंवा आधी तसं काही झालं असेल तर घट्ट मोजे वापरायचे का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने नको.

व्हीलचेअर सांगून ठेवा. चालता येतं तरी सांगा, लाजायचं काही कारण नाही. जेएफकेला इमिग्रेशनची रांग मोठी असली की कोणीतरी सोबत असलेलं बरं पडतं.

खिडकीची_सीट

आडवाटेची, किती नेमकं सांगितलंत! एकट्या सीटचं तर कोणीच बोललं नव्हतं. तिला व्हीलचेअर म्हटलं तर आधी चिडेल, पण बघते कसं पटवायचं ते. तिची बीपीची गोळी आहे सकाळ संध्याकाळ, विमानात ती कशी घ्यायची?

आडवाटेची

दिवसातून दोनदाच असेल तर जूनमधे तुमचं नशीब चांगलं आहे, फरक १२ तासांचा म्हणजे सकाळची गोळी तिकडच्या संध्याकाळच्या वेळेला बसते. बारा बारा तासांनी घेत राहायचं, मोजणी कुठे तुटत नाही. पण दोन्ही वेळच्या गोळ्या वेगवेगळ्या असतील किंवा दिवसाला एकच असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. दोन दिवसांच्या जास्तीच्या ठेवा.

घड्याळवाला

+१. आणि सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे वेळा लिहा, न्यूयॉर्कच्या नको. विमानात स्क्रीनवर दोन्ही शहरांच्या वेळा फिरत असतात, त्यात माणूस गोंधळतो.

उगाच_एक

ते तारखेची रेषा ओलांडल्यावर काय होतं मग? पॅसिफिकवरून गेलं तर लागते आणि ध्रुवावरून किंवा युरोपवरून गेलं तर नाही, तर एक दिवस मागेपुढे होत नाही का?

घड्याळवाला

नाही होत. रेषा ओलांडा नाहीतर नका ओलांडू, न्यूयॉर्कला उतरलात की तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात जे वाजलेत तेच वाजलेत. पॅसिफिकवरून जाताना तास पुढे पुढे सरकत जातात आणि रेषेवर एकदम एक दिवस मागे येतो, दुसऱ्या बाजूने गेलं तर तास हळूहळू मागे सरकतात. बेरीज दोन्हीकडे सारखीच, १२ तास मागे.

विंगटिप

ताई, आणायला जाणार असाल तर शेवटचं एक. तिकिटावरची सव्वासहाची वेळ धरून बसू नका. विमान सुटल्यावर दोनेक तासांनी फ्लाइट नंबर टाकून बघा, तोपर्यंत त्या दिवशीचा मार्ग आणि वारा धरून नवीन अंदाज आलेला असतो, तो बऱ्यापैकी खरा निघतो. अर्धा पाऊण तास आधी उतरणं या फ्लाइटला नवीन नाही. मात्र आईंना बाहेर यायला उतरल्यापासून तासभर तरी धरा, इमिग्रेशन आणि बॅगा मिळून, गर्दी असली तर त्याहून जास्त. जेएफकेला टर्मिनल ४ ला या.

खिडकीची_सीट

टर्मिनल ४, नोट केलं. नॉनस्टॉपच करतेय, रात्री भावाशी बोलून तिकीट काढते. वडील विचारतायत नकाशावेडा यांना, लंडन टोकियोला ती ध्रुवाची बेरीज करून उत्तर फारच जास्त येतंय, का?

नकाशावेडा

काकांना सांगा ती युक्ती समोरासमोरच्या रेखांशांनाच चालते. लंडन शून्यावर, टोकियो १४० वर, बेरीज १८० च्या आसपास येत नाही, त्यामुळे ध्रुवावरून गेलं तर उगाच लांब पडतं. जवळची वाट ध्रुवाच्या अलीकडूनच वळते. त्यांना जोडी हवी असेल तर ज्यांच्या रेखांशांची बेरीज १८० च्या जवळ आहे आणि एक पूर्वेला एक पश्चिमेला आहे अशी द्या. हाँगकाँग ११४ पूर्व, न्यूयॉर्क ७४ पश्चिम, बेरीज १८८, ती घेऊन बघा म्हणावं. उत्तर किंचित जास्त येईल, पण फार नाही.